हिवाळ्यातलं व्हेनिस: अर्धा दिवस नको, तीन रात्री द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीत दहा दिवस इटलीला जायचं आहे. नवरा-बायको आणि सासू-सासरे, दोघंही सत्तरीच्या आसपास. सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. एजंटने दिलेल्या आखणीत व्हेनिसला जेमतेम अर्धा दिवस आहे आणि मुक्काम पलीकडे, मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेला. त्यात ओळखीच्यांनी घाबरवून सोडलंय की हिवाळ्यात तिथे गुडघाभर पाणी साचतं, थंडी हाडात शिरते आणि निम्मी दुकानं बंद असतात. मग व्हेनिस ठेवायचं की गाळायचं?

ठेवा. पण ही आखणी बदलून घ्या. मी पादोवाला राहते, व्हेनिसपासून रेल्वेने अर्ध्या तासावर, आणि आपल्याकडून येणाऱ्या कुटुंबांच्या सहली आखून देणं हे बऱ्याच वर्षांपासून माझं काम आहे. हिवाळ्यातल्या व्हेनिसबद्दल मी सगळ्यांना दोनच गोष्टी आग्रहाने सांगते. रात्री शहरातच राहा, आणि दिवस प्रेक्षणीय स्थळांच्या यादीवर न आखता पाण्यावर आखा. या दोन गोष्टी जमल्या तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतलं व्हेनिस मे-जूनपेक्षा कितीतरी सरस आहे, असं माझं ठाम मत आहे.

आधी मुक्कामाचं बोलू, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. व्हेनिसला येणारे बरेचसे लोक दिवसापुरते येतात. सकाळी दहाच्या सुमारास आगगाड्या आणि बस रिकाम्या होतात, आणि संध्याकाळी तीच माणसं परत जातात. डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, त्यामुळे ही पांगापांग आणखी लवकर होते. मेस्त्रेहून अर्ध्या दिवसासाठी येणारा माणूस नेमका या गर्दीच्या तासांत सापडतो. रिआल्तोचा पूल, सान मार्कोचा चौक, एक फोटो आणि परत. जुन्या शहरात आता पन्नास हजारांहूनही कमी लोक राहतात. संध्याकाळी सहानंतर गल्ल्यांमध्ये दिसतात ती हीच माणसं: भाजीची पिशवी घेतलेल्या बायका, शाळेतून उशिरा परतणारी मुलं, कामावरून येता येता उभ्या उभ्या पेला रिकामा करणारे कारागीर. उन्हाळ्यात ही माणसं पर्यटकांच्या लोंढ्यात दिसतही नाहीत. हिवाळ्यात शहर त्यांचं असतं, आणि रात्री राहणाऱ्या पाहुण्याला ते सहज सामावून घेतं.

मेस्त्रेला राहून पैसे वाचतात हा हिशेब उन्हाळ्यात एकवेळ खरा असेल. ऐन हिवाळ्यात शहरातल्या खोल्यांचे दर इतके उतरतात की फरक फार उरत नाही, आणि जो उरतो तो रोजच्या येण्याजाण्यात संपतो. शिवाय सत्तरीतल्या माणसांना दुपारी तासभर आडवं व्हायला खोली जवळ असणं हे थंडीच्या दिवसांत फार मोठं सुख आहे. दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून २०२४ पासून जे प्रवेशशुल्क घेऊ लागले आहेत, त्याची धास्ती तुम्हाला नको. २०२४ आणि २०२५ मध्ये ते एप्रिल ते जुलै या काळातल्या ठरावीक दिवसांपुरतंच होतं, आणि शहरात रात्र काढणाऱ्याला त्यातून सूट होती. मुक्कामाचा स्थानिक कर मात्र हॉटेलात वेगळा द्यावा लागतो.

आता तारखा. हिवाळा म्हणजे सरसकट शांत काळ नव्हे. नाताळ ते ६ जानेवारी हे दिवस महाग आणि गजबजलेले असतात. ईस्टरआधीच्या लेंट या उपवासकाळाच्या आधीचे कार्निव्हलचे, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवाचे, दोनेक आठवडे तर वर्षातल्या सर्वांत महागड्या दिवसांपैकी आहेत. ही तारीख ईस्टरप्रमाणे पुढेमागे सरकते, म्हणून त्या वर्षीचं कॅलेंडर बघूनच तिकीट काढा. मुखवटे बघायचे असतील तर जरूर या. पण शांतता हवी असेल तर दोनच खिडक्या आहेत: नोव्हेंबरचा मध्य ते डिसेंबरचा तिसरा आठवडा, आणि ७ जानेवारीपासून कार्निव्हल सुरू होईपर्यंत.

या दोन खिडक्यांचा स्वभाव वेगळा आहे. नोव्हेंबरात पाऊस जास्त आणि पाणी चढण्याची शक्यताही जास्त, पण शहर पूर्ण चालू असतं. बिएन्नाले हे मोठं प्रदर्शन (एका वर्षी कलेचं, दुसऱ्या वर्षी वास्तुकलेचं) साधारण नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत उघडं असतं, फेनिचे नाट्यगृहात ऑपेराचा नवा हंगाम सुरू होतो, थंडी सुसह्य असते. जानेवारीत गारठा कडक असतो. दुपारी सहा-सात अंशांच्या आसपास आणि पहाटे शून्याच्या जवळ. आकाश मात्र बऱ्याचदा स्वच्छ असतं. पण ६ जानेवारीनंतर बरीच उपाहारगृहं आणि छोटी हॉटेलं दोन-तीन आठवडे सुट्टी घेतात. दारावर कागद चिकटवलेला असतो आणि आत रंगकाम चाललेलं असतं. लोकांनी तुम्हाला सांगितलेलं ‘बंद’ ते एवढंच. संग्रहालयं, मोठी चर्चं, बोटी, बाजार सगळं चालू असतं. वेळा थोड्या आखडतात, उदाहरणार्थ डोजेचा, म्हणजे जुन्या व्हेनिस प्रजासत्ताकाच्या प्रमुखाचा, राजवाडा संध्याकाळी तासभर लवकर मिटतो.

तुमच्यासाठी मी नोव्हेंबर निवडला असता, आणि तोही २१ नोव्हेंबर धरून. त्या दिवशी मादोन्ना देल्ला सालूतेचा सण असतो. १६३०-३१ च्या प्लेगमध्ये या शहराची जवळजवळ एक तृतीयांश वस्ती मेली. साथ ओसरली तर मेरीमातेचं मोठं देऊळ बांधू असा नवस शासनाने केला, आणि ग्रँड कॅनाल या मुख्य कालव्याच्या तोंडाशी दिसणारं पांढऱ्या घुमटाचं सालूतेचं चर्च त्या नवसातून उभं राहिलं. बाल्दास्सारे लोंगेना या तरुण वास्तुविशारदाने १६३१ मध्ये काम सुरू केलं. चर्चचा अभिषेक १६८७ मध्ये झाला, तेव्हा लोंगेना हयात नव्हता. तो नवस शहर आजही फेडतं. या सणासाठी ग्रँड कॅनालवर तात्पुरता तरंगता पूल टाकतात, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत माणसं त्यावरून चालत जाऊन चर्चमध्ये मेणबत्ती लावतात. आजी-आजोबा, बाबागाडीतली मुलं, नोकरदार, सगळे. चर्चच्या मागच्या गल्लीत फुगे, तळलेल्या गोड पदार्थांच्या गाड्या, मुलांचे हट्ट, अगदी आपल्या ग्रामदैवताच्या जत्रेसारखं. तुमच्या सासूबाईंना हा दिवस कुणी समजावून सांगायची गरज पडणार नाही. मेणबत्ती दारातच विकत मिळते आणि आत स्वयंसेवक ती लावून देतात. कोणत्याही धर्माच्या माणसाला कुणी अडवत नाही.

आता पाणी. इथे थोडं सविस्तर सांगते, कारण भीती याचीच आहे आणि ती बरीचशी जुन्या बातम्यांवर पोसलेली आहे.

भरतीचं पाणी शहरात शिरणं याला तिथे आक्वा आल्ता म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती, हवेचा कमी दाब आणि एड्रियाटिक समुद्रात आग्नेयेकडून वाहणारा सिरोक्को वारा हे तिन्ही एकत्र आले की पाणी समुद्राच्या उत्तर टोकाला, म्हणजे व्हेनिसच्या खाडीत, ढकललं जातं. शरद ऋतूचा शेवट आणि हिवाळ्याची सुरुवात हा त्याचा मुख्य काळ. ४ नोव्हेंबर १९६६ ला पातळी १९४ सेंटिमीटरवर गेली होती. ती आजवरची सर्वांत मोठी. १२ नोव्हेंबर २०१९ ला १८७ झाली. तुमच्या ओळखीच्यांनी बघितलेले व्हिडिओ बहुधा त्याच रात्रीचे.

२०१९ नंतर परिस्थिती बदलली. खाडी समुद्राला जिथे मिळते त्या लिदो, मालामोक्को आणि किओज्जा या तीन मुखांशी समुद्रतळावर एकूण ७८ पोलादी दरवाजे बसवले आहेत. एरवी ते पाण्याने भरलेले, तळाशी आडवे पडलेले असतात. मोठ्या भरतीचा अंदाज आला की त्यांत दाबलेली हवा सोडतात, आतलं पाणी बाहेर जातं आणि दरवाजे एका बाजूने वर येऊन समुद्र अडवतात. ही मोझे यंत्रणा. काम रेंगाळलं, खर्च अफाट झाला, २०१४ मध्ये भ्रष्टाचाराचं मोठं प्रकरण निघालं. पण ३ ऑक्टोबर २०२० ला खऱ्या भरतीत दरवाजे पहिल्यांदा उचलले आणि शहर कोरडं राहिलं. २२ नोव्हेंबर २०२२ ला बाहेर समुद्रात १७० सेंटिमीटरच्या आसपास पाणी चढलं असतानाही आत लोक साध्या बुटांनी फिरत होते. २०१९ सारखी रात्र तुमच्या वाट्याला येण्याची शक्यता आता फार कमी आहे.

तरीही सान मार्कोच्या चौकात पाणी दिसू शकतं. दरवाजे उचलायची ठरलेली मर्यादा ११० सेंटिमीटर आहे, आणि हा चौक शहरातल्या सर्वांत सखल भागांपैकी असल्यामुळे साधारण ८० च्या पुढे तिथे पाणी यायला लागतं. हा आकडा नीट समजून घ्या, कारण इथेच सगळे घाबरतात. १०० सेंटिमीटरचा इशारा म्हणजे रस्त्यावर १०० सेंटिमीटर पाणी असा अर्थ होत नाही. पातळी १८९७ साली ठरवलेल्या समुद्रसपाटीपासून मोजतात. म्हणजे १०० च्या इशाऱ्याला चौकात साधारण वीतभर पाणी असतं आणि शहराचा बाकी बहुतेक भाग कोरडा असतो. ११० ला सुद्धा शहराचा सुमारे १२ टक्के भागच भिजतो. सान मार्कोच्या बासिलिकेभोवती २०२२ पासून काचेची भिंत आहे, त्यामुळे चौकात पाणी असलं तरी चर्च आतून कोरडं राहतं.

भरती ठरलेल्या वेळी येते आणि जाते. शिखराच्या अलीकडे-पलीकडे दोन-तीन तास, की पाणी ओसरलं. महापालिकेच्या भरती केंद्राचं मोफत अ‍ॅप आहे, त्याचं नाव ‘हाय टाइड व्हेनिस’. त्यात पुढच्या दोन-तीन दिवसांचे अंदाज तासांसकट मिळतात. रोज रात्री झोपण्यापूर्वी ते बघा आणि सकाळ ठरवा. सकाळी दहाला ९५ दाखवत असेल तर चौकाकडे दुपारी जा, सकाळ दुसरीकडे घालवा. दिवस पाण्यावर आखा म्हणते ते याच अर्थाने. कोरडा नोव्हेंबर मिळाला तर ठीकच. पण चौकात वीतभर पाणी आणि त्यात उलटी बासिलिका दिसण्याचा योग आला तर तो चुकवू नका. सासू-सासऱ्यांना लाकडी फळ्यांच्या उंच वाटेवरून न्या. तिचं नाव पासेरेल्ले. एका ओळीत चालायचं, मध्येच फोटोला थांबायचं नाही, मागे कामावर जाणारी माणसं खोळंबतात. गमबूट इथून नेऊ नका, तिथे मिळतात, आणि बरीच हॉटेलं पाहुण्यांना देतातही.

उलटंही घडतं, ते फारसं कुणी सांगत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत हवेचा दाब जास्त असला की ओहोटी इतकी खोल जाते की छोटे कालवे जवळजवळ आटतात आणि गोंडोळे चिखलात बसतात. फेब्रुवारी २०२३ मधले असे फोटो जगभर गेले होते. घरांचे शेवाळलेले पाये, पाण्याखालच्या पायऱ्या, एरवी झाकलेलं सगळं तेव्हा उघडं पडतं. मला स्वतःला ते दृश्य भरतीइतकंच बघण्यासारखं वाटतं. शहर कशावर उभं आहे ते तेव्हाच कळतं.

थंडीबद्दल: आकडा फसवा आहे. पाच अंश ऐकून काही वाटत नाही, पण हवा दमट असते आणि ओल कपड्यांतून आत शिरते. अंगासरशी थर्मल, वर लोकर, त्यावर वारा अडवणारं जाकीट. पायांकडे सर्वांत जास्त लक्ष द्या, कारण तुम्ही दिवसभर दगडावर चालणार आहात आणि जुन्या चर्चमध्ये दगडावरच उभे राहणार आहात. फ्रारी आणि सान झानिपोलो ही दोन्ही चर्चं अवाढव्य आहेत, आत बाहेरच्यापेक्षा गार वाटतं. जाड तळाचे, पाणी न शिरणारे बूट आणि लोकरीचे मोजे यांवर खर्च करा, बाकी जुनं चालेल. धुकं दाट पडलं तर बोटींचे काही मार्ग बदलतात किंवा फेऱ्या कमी होतात, म्हणून विमानाच्या दिवशी हाताशी वेळ ठेवा. ईशान्येकडून बोरा वारा सुटला की गारठा चावतो, पण हवा धुऊन निघते. अशा दिवशी सकाळी फोंदामेन्ते नोवेच्या धक्क्यावर या. खाडीपलीकडे बर्फाने पांढरे झालेले आल्प्स दिसतात. उन्हाळ्यातल्या धुरकट हवेत हे सहसा जमत नाही.

वयस्कर माणसांना थंडीपेक्षा पुलांचा त्रास जास्त होतो. शहरात चारशेहून अधिक पूल आहेत आणि जवळजवळ सगळ्यांना पायऱ्या आहेत. ओल्या दिवशी कडेचा पांढरा दगड घसरतो. खोली घेताना हॉटेल किती तारांकित आहे ते बघू नका. हॉटेलला एकच प्रश्न लिहून विचारा: बोटीच्या थांब्यापासून तुमच्या दारापर्यंत किती पूल आहेत? उत्तर ‘एकही नाही’ किंवा फार तर ‘एक’ असलं पाहिजे. कान्नारेज्जो भाग मला या दृष्टीने आवडतो. स्टेशन जवळ, कालव्यांकाठी लांब सरळ रस्ते, स्थानिकांची दुकानं. दुसरा पर्याय दोर्सोदुरोमधला झात्तेरेचा धक्का. तो दक्षिणेला तोंड करून आहे, हिवाळ्यात दुपारभर ऊन तिथेच मिळतं, आणि सासरेबुवा तिथल्या बाकावर वर्तमानपत्र घेऊन आरामात बसू शकतील. सान मार्कोच्या अगदी शेजारी राहू नका. महाग, सखल आणि संध्याकाळी ओसाड.

बोटीचा पास घ्या, काटकसर करू नका. व्हापोरेत्तो म्हणजे तिथली बस. सध्या ७५ मिनिटांचं एक तिकीट साडेनऊ युरो आहे आणि ७२ तासांचा पास ४५ युरोच्या घरात, म्हणजे पाचव्या फेरीला पैसे वसूल. दमलं की बसायचं आणि फिरायचं. उन्हाळ्यात १ नंबरच्या बोटीत उभं राहायला जागा नसते. हिवाळ्यात संध्याकाळी सातला स्टेशनपासून सान मार्कोपर्यंत तीच बोट घ्या, बाहेरच्या बाकावर शाली पांघरून बसा. दोन्ही काठांच्या महालांत दिवे लागलेले असतात आणि पडदे बहुधा उघडे, त्यामुळे वरची रंगवलेली छतं बोटीतून दिसतात. गोंडोळ्याचा दर महापालिकेने ठरवलेला आहे, दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०. हौस असेल तर बसा, पण दर आधी बोलून घ्या.

काय बघायचं याची यादी कुठेही मिळेल, मी तीनच ठिकाणांबद्दल बोलते. पहिलं सान मार्कोची बासिलिका. आजची इमारत अकराव्या शतकातली. आतलं छत, कमानी, घुमट, सगळं सोन्याच्या मोझाइकने मढवलेलं आहे. हिवाळ्यातही तिकीट आधी काढा, पण आत गेल्यावर कुणी पुढे ढकलत नाही, हा फरक मोठा. मोझाइक उजळवणारे दिवे ठरावीक वेळीच लावतात. ती वेळ दारावर विचारून घ्या आणि त्याच्या थोडं आधी आत शिरा, म्हणजे अंधारलेलं सोनं आणि उजळलेलं सोनं दोन्ही बघायला मिळेल. वर चढून गेलं की कॉन्स्टँटिनोपलहून १२०४ च्या लुटीत आणलेले ब्राँझचे चार घोडे दिसतात. दर्शनी भागावर आहेत ते नकली, खरे आत. जिना उभा आहे, गुडघे दुखत असतील तर खालीच थांबा.

दुसरं सान रोक्को. प्लेगपासून वाचवणाऱ्या संताच्या नावाने चालणाऱ्या धर्मादाय मंडळीची ही वास्तू. १५६४ मध्ये छतावरच्या चित्रासाठी त्यांनी चित्रकारांकडून कच्चे आराखडे मागवले. तिंतोरेत्तोने आराखडा दिलाच नाही, चित्र पुरं करून थेट छतावर बसवलं आणि भेट म्हणून दिलं. बाकीचे चिडले, पण काम त्याला मिळालं, आणि पुढची वीसहून अधिक वर्षं तो या इमारतीत अधूनमधून रंगवत राहिला. मोठ्या दालनात हातात धरायचे आरसे ठेवलेले असतात, त्यांत बघितलं की मान न दुखता छतावरची चित्रं दिसतात. शेजारच्या छोट्या खोलीत १५६५ चं ‘क्रूसारोहण’ आहे, बारा मीटरहून रुंद. उन्हाळ्यात त्याच्यासमोर पाच मिनिटं उभं राहणं कठीण. जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी तुम्ही अर्धा तास बसून राहिलात तरी कुणी मध्ये येणार नाही. घाई करू नका, या चित्राला वेळ लागतो. आधी मधला ख्रिस्त दिसतो, मग खाली कोसळलेल्या बायका, मग दोर ओढणारे मजूर, खड्डा खणणारे, घोड्यावर रेलून बघत बसलेले. एवढ्या मोठ्या दुःखाभोवती किती साधी कामं चाललेली असतात, ते तिंतोरेत्तोने माणूस-माणूस करून मांडलंय.

तिसरं ठिकाण तुमच्या सासूबाईंसाठी. डोजेच्या राजवाड्यासमोर, धक्क्यालगत, सान्सोविनोने बांधलेली जुनी टांकसाळ आहे. आता ती ग्रंथालयाचा भाग आहे. व्हेनिसने १२८४ पासून दुकात हे साडेतीन ग्रॅमचं शुद्ध सोन्याचं नाणं पाडलं आणि १७९७ मध्ये प्रजासत्ताक बुडेपर्यंत त्याचं वजन आणि कस जवळजवळ बदलला नाही. मिरी-मसाल्याच्या व्यापारातून ही नाणी ढिगाने भारतात आली. त्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकून बसलेला डोजे असतो. आपल्याकडे हे नाणं पुतळी म्हणून ओळखलं गेलं, सोनारांनी त्याच्या नकला पाडल्या आणि पुतळ्यांची माळ झाली. राजवाड्याच्याच तिकिटावर चौकाच्या दुसऱ्या टोकाचं कोर्रेर संग्रहालय बघता येतं, तिथे व्हेनिसच्या नाण्यांचा संग्रह आहे. घरात जुनी माळ असेल तर तिचा जवळून काढलेला फोटो बरोबर न्या आणि आकृत्या ताडून बघा. संग्रहालय उबदार आहे आणि बसायला जागा आहे, हेही सांगून ठेवते.

जेवण. शाकाहारी, बिनअंड्याचं खाणाऱ्याने उत्तर इटलीत काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. तिथला ताजा पास्ता, म्हणजे ताल्यातेल्ले, राव्हिओली वगैरे, बहुतेक अंडं घालूनच मळतात. सुकवलेला स्पॅगेटी किंवा पेन्ने सहसा फक्त रवा आणि पाण्याचा असतो, तो मागा. ‘बिगोली इन साल्सा’ दिसायला निव्वळ कांद्याची वाटते, पण त्यात खारवलेले मासे विरघळलेले असतात. रिसोत्तो भाजीचा असला तरी आत मांसाचं पाणी असू शकतं. कडधान्याच्या सुपातही कधी डुकराची चरबी असते. वाढणाऱ्याला ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे, सेंत्सा उओवा’ एवढं सांगा: मांस नको, मासे नकोत, अंडं नको. हिवाळा भाज्यांना चांगला आहे. त्रेविझोचा लांब, वळणदार, जांभळा राडिक्यो, एक पालेभाजी, नेमका याच दिवसांत येतो, निखाऱ्यावर भाजलेला मागा, किंचित कडू लागतो. मक्याच्या पिठाची पोलेंता मश्रूमबरोबर पोटभर होते. रिआल्तोच्या बाजारात आर्टिचोकचे सोललेले तळ पाण्यात ठेवून विकतात, लसूण-पार्स्ली घालून परतलेले अप्रतिम लागतात. बऱ्याच चीझमध्ये प्राणिज रेनेट, म्हणजे दूध फाडायला घातलेलं प्राण्याच्या जठरातलं द्रव्य, असतं, ते चालत नसेल तर पिझ्झा मारिनारा घ्या, त्यात चीझ नसतंच. तिरामिसूत कच्चं अंडं असतं.

मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ आहे. बाकारो म्हणजे छोटे गुत्ते, तिथे काउंटरवर चिक्केत्ती मांडलेल्या असतात, पावाच्या तुकड्यावर काही ना काही. ‘सार्दे इन साओर’ म्हणजे तळलेल्या तारल्या कांदा, व्हिनेगर, बेदाणे आणि पाइनच्या बियांत मुरवलेल्या. खलाशांना टिकावं म्हणून शोधलेला पदार्थ. ‘बक्काला मांतेकातो’ हा सुकवलेल्या कॉड माशाचा लोण्यासारखा घोटलेला गोळा. पिएत्रो क्वेरिनी नावाचा व्यापारी १४३२ मध्ये जहाज फुटून नॉर्वेच्या एका बेटावर लागला आणि तिथला वाऱ्यावर वाळवलेला मासा घेऊन परतला, तिथून ही गोडी लागली असं सांगतात. ‘स्किए’ ही खाडीतली करंदीएवढी कोळंबी पोलेंतेवर मिळते. मासळीबाजार सकाळीच गाठा. रविवारी आणि सोमवारी तो बंद असतो.

बेटांपैकी एकच करायचं तर तोर्चेल्लो करा. सातव्या शतकात स्थापन झालेलं कॅथेड्रल आणि पश्चिमेच्या भिंतीवरचा ‘अंतिम न्याय’ मोझाइकमध्ये. वाटेत बुरानो लागतंच, रंगीत घरं धुक्यातही उठून दिसतात. मुरानोच्या काच कारखान्यात फुकट नेतो म्हणणाऱ्यांच्या मागे जाऊ नका, ती विक्रीची फेरी असते.

आता आखणी. दहा दिवसांत तीन पूर्ण रात्री व्हेनिसला, मग फ्लॉरेन्स आणि रोम. मुंबईहून व्हेनिसला थेट विमान नाही, आखाती किंवा युरोपीय शहरात बदलावं लागतं. येताना व्हेनिसला उतरा आणि जाताना रोमहून निघा, म्हणजे उलटा प्रवास वाचेल. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शुल्क ९० युरो, आणि निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. सासू-सासऱ्यांच्या जुन्या आजारांचं त्यात काय होतं ते वाचूनच विमा घ्या. खोली रद्द करता येईल अशी घ्या.

फ्लॉरेन्सला जाणाऱ्या वेगवान गाड्या पादोवावरून जातात. तिथे चार तास थांबून स्क्रोवेन्यी चॅपेल बघा. ज्योत्तोने १३०५ च्या सुमारास रंगवलेल्या भिंती आहेत. हवा जपण्यासाठी आधी एका बंद खोलीत पंधरा मिनिटं बसवतात आणि मग आत साधारण तेवढीच मिनिटं देतात, तीही थोड्याच माणसांना एका वेळी. वेळ राखून ठेवल्याशिवाय जाऊ नका. हिवाळ्यात काही दिवस आधी केलं तरी बहुधा मिळते. सकाळी अकराची घ्या, स्टेशनवर सामान ठेवायची सोय आधी बघून ठेवा आणि दुपारी अडीच-तीनची पुढची गाडी पकडा.